जुनं विंडोज नव्या मशीनवर

प्रश्न : गिरगावात माझं लग्नपत्रिकांचं छोटं दुकान आहे. जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ७, पानाची मांडणी करायचं पेजमेकर आणि यूएसबी लॉकवर (पेनड्राइव्हसारखी किल्ली, ती लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) चालणारं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर आहे. आता विंडोज ११ चं नवीन मशीन घेतलंय, रॅम ८ जीबी. दुरुस्तीवाले म्हणतात, दोन्ही विंडोज यातच टाकू, सुरू करताना हवं ते निवडायचं. करू का? – एक वाचक

उत्तर : नका करू, काका. तुमचं काम कसं चालतं ते बघा. गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर नावं पाठवतं, तुम्ही पेजमेकरमध्ये बसवता, प्रूफ परत पाठवता, मग मामांचं नाव राहिलं म्हणून फोन येतो. दर वेळी मशीन बंद करून दुसरं विंडोज चालू करत बसाल, तर लग्नसराईत कसं निभणार? शिवाय विंडोज ७ मध्ये यूएसबी ३ चे ड्रायव्हर, म्हणजे ते जोड चालवणारी छोटी सॉफ्टवेअर, मुळात नाहीत. नव्या मशीनवर ते टाकताना कीबोर्ड-माऊससुद्धा चालेनासा होतो.

त्यापेक्षा व्हर्च्युअलबॉक्स नावाचं सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे. विंडोज ११ चालू असतानाच एका खिडकीत अख्खं विंडोज ७ उघडतं. विंडोज ७ ची ३२ बिटची आवृत्ती टाका, तिला २ जीबी रॅम द्या. पीडीएफची देवाणघेवाण शेअर्ड फोल्डरमधून होते. त्या खिडकीचं नेटवर्क मात्र बंदच ठेवा. विंडोज ७ चे मोफत सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० लाच थांबलेत.

खरी परीक्षा लॉकची. तो मशीनला लावला तरी आतल्या विंडोजला आपोआप दिसत नाही, व्हर्च्युअलबॉक्सच्या यूएसबी मेनूतून आत द्यावा लागतो. म्हणून लॉकचा ड्रायव्हर आणि फॉन्ट आधी टाका, मराठी अक्षरं नीट उमटतात का बघा, मगच बाकीचं. लॉक चाललाच नाही, तर जुनं मशीन इंटरनेटशिवाय चालू ठेवा आणि पीडीएफ पेनड्राइव्हने आणा. त्यात कमीपणा काही नाही.

जुन्या मशीनसोबत आलेला विंडोजचा परवाना त्याच मशीनपुरता असतो, नवा वेगळा लागेल. त्या खर्चाचं मला वाईट वाटतं, पण चोरीची कॉपी कुणाकडून घेऊ नका. त्यात काय घुसवलंय कळत नाही.

सगळं बसलं की व्हर्च्युअल मशीन, म्हणजे खिडकीतलं ते विंडोज ७, बंद करून त्याचा फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. मशीन बिघडलं तर तोच फोल्डर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडता येतो. तुळशीच्या लग्नाआधी एक पूर्ण पत्रिका नव्या मशीनवर करून छापून बघा. तोवर जुनं विकू नका.