कंटेनरमधून स्नॅपरेडचं सिंक रोज रात्री आपोआप कसं चालवायचं?
स्नॅपरेड म्हणजे डिस्क बिघडली तर तिच्यावरच्या फाइल्स परत मिळवून देणारं सॉफ्टवेअर. चार डेटा डिस्क, एक पॅरिटी डिस्क (फाइल्स परत मिळवायला लागणारी माहिती हिच्यावर असते) आणि सिंक, म्हणजे ती माहिती ताजी करणं, डॉकरमधून (प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारं साधन) रोज रात्री, असं तुम्ही विचारलंय. होतं की, माझं तसंच चालू आहे.

पहिली मेख माउंटमध्ये, म्हणजे डिस्क कंटेनरला जोडून देण्यात. मर्जरएफएसचा (अनेक डिस्क एकच असल्यासारख्या दाखवणारं साधन) एकत्र पूल कंटेनरला देऊ नका. प्रत्येक डिस्क वेगळी माउंट करा आणि कॉन्फिगमध्ये कंटेनरच्या आतले पाथ लिहा. कंटेंट फाइल (यात स्नॅपरेड सगळ्या फाइल्सची नोंद ठेवतं) कंटेनरच्या पोटात ठेवलीत, तर तो नव्याने बनवताना ती गेलीच म्हणून समजा. दोन-तीन डेटा डिस्कवर तिच्या प्रती असू द्या.

टाइमझोन सेट केला नाही तर क्रॉन (ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारा प्रोग्रॅम) बहुधा यूटीसी धरतो, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागची वेळ. माझं पहाटे ३ चं सिंक कितीतरी दिवस सकाळी ८:३० ला सुरू व्हायचं, नेमके घरच्यांचे फोटो अपलोड होत असताना!

खरी भीती आंधळ्या सिंकची. चुकून एखादं फोल्डर उडालं आणि त्यावर सिंक फिरलं, की पॅरिटीतून ते परत मिळवायची आशा सोडा. म्हणून आधी डिफ (मागच्या सिंकनंतर काय बदललं ते दाखवणारी कमांड) चालवा आणि उडालेल्या फाइल्स ठरलेल्या आकड्यापेक्षा जास्त दिसल्या तर सिंक होऊच देऊ नका. स्नॅपरेड-रनर ही पायथन स्क्रिप्ट नेमकं हेच करते. मी मर्यादा ४० ठेवलीय. अख्खी डिस्क रिकामी दिसली तर स्नॅपरेड स्वतःच अडून बसतं. तेव्हा वैतागून ‘फोर्स-एम्प्टी’ (तरीही सिंक करायला लावणारा पर्याय) मारू नका, आधी माउंट बघा.

स्क्रब, म्हणजे साठवलेला डेटा खराब झालाय का याची तपासणी, आठवड्यातून एकदा पुरे. आकडा दिला नाही तर ते एका वेळी ८ टक्के भाग तपासतं.