आधी शब्द, मग रकाने

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

डिस्चार्जच्या वेळी भरून घेतलेल्या फॉर्मांवर सगळीकडे ‘समाधानी’ आणि जिन्यात डबे घेऊन बसलेले नातेवाईक मात्र वेगळेच बोलतात, तेव्हा खरे कोणते मानायचे, असे तू विचारले आहेस. जिन्यातले. घरी जाण्याचा कागद ज्यांच्या हातून मिळायचा आहे, त्यांच्याच टेबलाशी उभे राहून वाकडे कोण लिहील? विचारायचे ते रुग्ण खाटेवर असताना विचार आणि जो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घे. ‘स्वच्छता’, ‘वर्तणूक’ हे रकाने मागाहून भरता येतात.

मी उलटे केले. बालरोग कक्षातील एक आई म्हणाली होती, ‘ताई, हा काल रडत होता तसा आज रडत नाही, नुसता कण्हतो.’ मी रजिस्टरात लिहिले, ‘नातेवाईक चिंताग्रस्त, समुपदेशन केले.’ त्या वाक्यात बाळ कुठेच नव्हते. रात्री त्याला अतिदक्षता विभागात हलवले. ते वाचले नाही. त्या दिवशी माझ्याकडे तीन वॉर्ड होते, निदान करणे माझे काम नव्हते, आणि तिचे शब्द जसेच्या तसे लिहिले असते तरी ते कुणी वाचले असते की नाही, कोण जाणे. हे सगळे खरे आहे, आणि इतकी वर्षे मी ते स्वतःला ऐकवत आले आहे.

इंग्लंडमध्ये १३ वर्षांची मार्था मिल्स २०२१ मध्ये सेप्सिसने, म्हणजे जंतुसंसर्गाला शरीराने दिलेल्या जीवघेण्या प्रतिसादाने, गेली. तिची प्रकृती ढासळते आहे, असे आईवडील सांगत होते. २०२४ पासून तेथील रुग्णालयांत तिच्या नावाचा नियम टप्प्याटप्प्याने आला. कालच्यापेक्षा आज बरे वाटते की वाईट, हे रुग्णाला किंवा घरच्यांना रोज निदान एकदा विचारायचे, असे त्यात आहे. आपल्याकडे महाराष्ट्रात २०२१ च्या सुधारित शुश्रूषागृह (खासगी रुग्णालय) नियमांनी रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावायला लावली, तक्रार निवारण कक्ष आणि टोल फ्री क्रमांकही आणला. चांगलेच झाले. पण ‘नुसता कण्हतो’ ही तक्रार नव्हे. ती आई कुणाविरुद्ध काहीच म्हणत नव्हती, तिने तो क्रमांक कधीच फिरवला नसता.

अशुद्ध बोली तशीच लिहिली की वरिष्ठ हसतात, म्हणतेस. हसू देत. ‘सुई सुजली’ असे कुणी म्हणाले तर ‘सुई सुजली’ असेच लिही. सुजतो तो हात, हे वाचणाऱ्याला कळते. सोबत वेळ, खाट क्रमांक आणि सांगणाऱ्याचे नाते घाल, आणि राउंड संपण्याआधी ते सिस्टरांच्या हाती दे. सूचनापेटी मेट्रनच्या दाराशी ठेवू नये, हेही मीच सांगायचे का?

उद्या डबे उघडण्याच्या वेळी जिन्यात जा. फॉर्म नेऊ नकोस, साधी वही ने.