मोतीबिंदूची हाताने केलेली बिनटाक्याची शस्त्रक्रिया जुनाट झाली आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईचं वय 68, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. एका दवाखान्यात ‘लेझर’ सांगितलंय आणि खर्च बराच आहे. जवळच्या ट्रस्टच्या रुग्णालयात हाताने करतात, तिथे खर्च अगदी कमी. हाताची पद्धत आता कालबाह्य झाली आहे ना? आणि लेन्स कोणती टाकावी?

नाही, कालबाह्य झालेली नाही. डोळ्यांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून माझी सगळी नोकरी गेली. मोती फोडून काढणारं फेकोचं मशीन मी लावलंय आणि हाताच्या शस्त्रक्रियेला, म्हणजे एसआयसीएसला, हत्यारंही दिली आहेत. ‘हाताने म्हणजे गरिबांसाठी’ हे वाक्य मी परक्यांकडून कमी आणि घरच्यांकडून जास्त ऐकलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक खुलासा. तुम्हाला सांगितलेलं लेझर बहुतेक लेझर नसणार. ते फेको असणार. त्यात बारीक सुईचं टोक सेकंदाला चाळीस हजारांच्या आसपास थरथरतं, त्या ध्वनिलहरींनी मोती फोडून ओढून घेतात. चार्ल्स केलमन यांनी 1967 मध्ये ते सुरू केलं. खरं लेझरही आहे, फेम्टोसेकंद नावाचं. बुडापेस्टच्या झोल्टान नागी यांनी 2008 मध्ये मोतीबिंदूसाठी ते पहिल्यांदा वापरलं. त्याची साध्या फेकोशी तुलना करणारे दोन मोठे अभ्यास, एक फ्रान्सचा आणि एक ब्रिटनचा, 2020 मध्ये छापून आले. दोन्हींचा निष्कर्ष असा की दृष्टीत खास फरक पडत नाही आणि वाढीव खर्चाच्या मानाने फायदा होत नाही. त्यामुळे दवाखान्यात स्पष्ट विचारा, मशीन कोणतं? उत्तर देताना टाळाटाळ झाली तर तिथून उठा.

आता आमच्या घरचं. तात्या, माझे वडील, जत तालुक्यातल्या गावात राहायचे. मोती दिसायला लागला तेव्हापासून मी मागे लागले होते. त्यांचं एकच, “आता कशाला गं? दिसतंय की.” असं करत करत इतका उशीर झाला की डाव्या डोळ्यासमोर हात हलवला तरच कळायचं. मग पुण्याहून दादा आला आणि पडवीत बसून ठरवून टाकलं: पुण्यात न्यायचं, मशीननेच करायचं, सगळ्यात भारी लेन्स टाकायची. मी म्हटलं, “एवढा पिकलेला मोती आहे, आधी तपासू तर दे. कदाचित हातानेच काढावा लागेल.” त्यावर तो म्हणाला, “तू आयुष्यभर फुकटातली ऑपरेशनं बघितलीस, तुला तेच बरं वाटणार.”

हे मला लागलं. ज्या टेबलाशी मी उभी राहिले त्या टेबलावर बाजूच्या तालुक्यांतली माणसं आंधळी येत आणि दुसऱ्या दिवशी आपल्या पायांनी चालत एसटी स्टँडला जात. फुकटातलं म्हणजे हलकं, हे दादाला कुणी शिकवलं मला माहीत नाही.

पुण्यात पहिल्या दवाखान्यात डॉक्टर दिसायच्या आधी पॅकेजचा तक्ता समोर आला. बाहुली मोठी करायचे थेंबसुद्धा घातले नव्हते आणि लेन्सच्या किमती सांगून झाल्या. दादा ॲडव्हान्स भरायला निघाला होता, मी तात्यांना घेऊन बाहेर आले. दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरांनी थेंब घालून थांबवलं, स्लिट लॅम्पवर निवांत पाहिलं आणि मला बोलावून दाखवलं. मोती पार तपकिरी, मागचा पडदा दिसायचं नाव नाही, म्हणून बी-स्कॅन, म्हणजे डोळ्याची सोनोग्राफी, करून घेतला. बुबुळाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या, आतल्या पेशी मोजल्या तर त्या आधीच कमी. डॉक्टर म्हणाले, “फेको मी रोज करतो. पण एवढा कडक मोती फोडायला ताकद जास्त लावावी लागेल, त्यात बुबुळाच्या पेशी जातील. त्या परत तयार होत नाहीत. याला हाताने काढू.” दादा म्हणाला, “डॉक्टर, पैशाचा प्रश्न नाही.” त्याला वाटलं, गावाकडचे लोक बघून आपल्याला स्वस्तातलं देतायत. डॉक्टरांनी पुन्हा तेच सगळं शांतपणे समजावलं. दादाने सही केली, पण तोंड उतरलेलं.

डॉक्टरांनी मला थिएटरमध्ये उभं राहू दिलं. डोळ्याशेजारी भुलीचं इंजेक्शन, मग पांढऱ्या भागात क्रेसेंट नावाच्या पात्याने तिरका बोगदा. बाहेरून सहा-सात मिलिमीटर, आत थोडा रुंद. हा बोगदाच सगळं काही आहे. नीट जमला तर आतल्या दाबाने आपोआप मिटतो, टाका लागत नाही. निळा ट्रायपॅन घालून मोत्यावरचं आवरण रंगवलं, कारण इतक्या पिकलेल्या मोत्यात ते वेगळं दिसतच नाही. गोल कापून काढलं. पाणी सोडून मोती आवरणापासून सुटा केला, हलके हलके फिरवत पुढे आणला. त्याच्या वर आणि खाली जेली भरली, म्हणजे बुबुळाला घासायला नको. मग खालून व्हेक्टिस, म्हणजे चमच्यासारखं हत्यार, सरकवला आणि बोगद्याचा खालचा काठ जरासा दाबत मोती बाहेर घेतला. गॉजवर पडला तेव्हा चिंचोक्यासारखा दिसत होता, तसाच रंग आणि कडकपणाही जवळजवळ तसाच. हा फेकोने फोडायला निघाले असते तर काय झालं असतं ते मला थिएटरमधल्या कुणीही सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तर बुबुळ स्वच्छ, सूज नावालाच. सहा आठवड्यांनी चष्मा दिल्यावर नजर 6/9 (6/6 म्हणजे पूर्ण नजर). पुढे तात्या विळी-कोयत्याची धार स्वतः बघून लावायचे.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण दादा आजही नातेवाइकांत सांगतो, “तात्यांचं लेझरने केलं.” मी समोर असले तरी सांगतो. मला याचा राग यायचं कारण मानपान नाही. आमच्या एका मामींनी लग्नात ते ऐकलं आणि ठरवलं, आपणही लेझरच करायचं, पैसे साठेपर्यंत थांबू. मोती अति पिकला, डोळ्यातला दाब चढला, रात्री डोकं धरून ओकाऱ्या सुरू झाल्या. शस्त्रक्रिया झाली, पण दाबाने मागची नस दुखावली ती दुखावलीच. त्या डोळ्याला अर्धवट दिसतं. तालुक्याच्या ठिकाणी हाताने वेळेत काढला असता तर हे घडलं नसतं.

दादा पुण्याचं कौतुक फार करतो, म्हणून त्याला मी पुण्याचाच अभ्यास सांगते. एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात डॉ. परीक्षित गोगटे आणि सहकाऱ्यांनी 400 डोळ्यांवर चिठ्ठ्या टाकून फेको आणि एसआयसीएसची तुलना केली. 2005 मध्ये अमेरिकेच्या ‘ऑप्थॅल्मॉलॉजी’ या नियतकालिकात ती छापून आली. सहा आठवड्यांनी चष्म्याशिवाय 6/18 किंवा त्याहून चांगलं दिसणारे फेकोत सुमारे 81 टक्के, एसआयसीएसमध्ये सुमारे 71. म्हणजे बिनचष्म्याचं फेकोत जास्त, हे मान्य करायलाच हवं. पण चष्मा लावल्यावर दोन्हीकडे 98.4 टक्के. शिवाय पहिल्या दिवशी बुबुळाची सूज फेकोच्या गटात जास्त होती. नेपाळात डॉ. संदुक रुईत आणि अमेरिकेचे डेव्हिड चँग यांनी आपापल्या हातखंड्याच्या पद्धतीने मिळून 108 रुग्णांवर असाच अभ्यास केला, तो 2007 मध्ये आला. सहा महिन्यांनी निकाल सारखेच. वेळ मात्र एसआयसीएसला सरासरी 9 मिनिटं आणि फेकोला साडेपंधरा. दोघेही आपल्या विषयात पहिल्या रांगेतले, त्यामुळे नवख्या हातांचा निकाल म्हणून कुणी तो झटकू शकत नाही.

“मग शिबिरात डोळे गेल्याच्या बातम्या?” हेही दादाचंच. डोळे जातात ते जंतुसंसर्गाने, आणि संसर्ग फेकोतही होतो. शाळेच्या वर्गात टेबल टाकून शस्त्रक्रिया करायचे दिवस गेले. आता गावात फक्त तपासणी करून रुग्णाला बसने रुग्णालयात आणतात. मदुराईच्या अरविंद रुग्णालयांनी सहा लाखांहून जास्त शस्त्रक्रियांचा हिशेब 2017 मध्ये मांडला. शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्यात मॉक्सिफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक सोडलं तर संसर्ग 0.07 टक्क्यांवरून 0.02 टक्क्यांवर येतो. माझ्या मते गेल्या वीस वर्षांत मोतीबिंदूच्या रुग्णाला कुठल्याही महागड्या मशीनपेक्षा जास्त फायदा या एका गोष्टीने झाला. म्हणून पैसे विचाराल त्याच्या आधी हे विचारा: शेवटी डोळ्यात अँटिबायोटिक सोडता का? आणि या महिन्यात तुमच्याकडे किती शस्त्रक्रिया झाल्या?

लेन्सचं थोडक्यात. आपल्याकडे मदुराईच्या ऑरोलॅबने 1992 पासून स्वस्त लेन्स बनवायला घेतल्या म्हणून आज गरिबाच्याही डोळ्यात लेन्स पडते, नाहीतर जाड भिंगाचा चष्माच होता. तुमच्या आईला साधी मोनोफोकल पुरेल. लांबचं नीट दिसेल, वाचायला चष्मा लागेल. मल्टिफोकलचा, म्हणजे लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणाऱ्या लेन्सचा, आग्रह झाला तर आधी मागचा पडदा आणि काचबिंदू तपासून घ्या. त्यात दोष असेल तर ती लेन्स टाकून पैसे घालवू नका, आणि दोष नसला तरी रात्री दिव्याभोवती वलयं दिसतात हे आईंना आधी सांगा. घडीची, म्हणजे घडी घालून आत सोडायची, लेन्स एसआयसीएसमध्येही टाकता येते, हे मुद्दाम सांगते, कारण काही ठिकाणी उलट सांगतात.

आईंचा मोती किती कडक आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि खरं तर सगळं त्यावरच आहे. मऊ असेल, पैसे असतील, चांगला हात असेल तर खुशाल फेको करा. 2.2 ते 2.8 मिलिमीटरची जखम, लवकर बरी होते, नंबर कमी येतो. मी फेकोच्या विरुद्ध नाही. तपकिरी, काळपट किंवा पार पांढरा झाला असेल तर हाताने काढणारा तरबेज डॉक्टर शोधा. आणि असा डॉक्टर मिळणं पुढे कठीण होत जाईल, ही माझी खरी काळजी आहे. नवे डॉक्टर थेट मशीनवर शिकू पाहतात. मशीन मध्येच बिघडलं किंवा मोती फुटेना, तेव्हा बोगदा करून हाताने काढता आला नाही तर त्या टेबलावरच्या रुग्णाचं काय करणार? परदेशातले शल्यविशारद ही पद्धत शिकायला भारतात आणि नेपाळात येतात, आणि आपल्याकडे ती हलकी समजतात.

राहिलेल्या तीन गोष्टी. आईंना मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणून मगच तारीख घ्या. वडिलांचंही पुढे करायचं असेल आणि ते प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिनची गोळी घेत असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. त्या गोळीने बाहुली ऐन वेळी आवळते, आणि गोळी बंद केली तरी परिणाम राहू शकतो. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या आठवड्यात डोळा दुखायला लागला, लाल झाला किंवा दिसणं कमी झालं तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री रुग्णालयात न्या, मग शस्त्रक्रिया कुठल्याही पद्धतीने झालेली असो.