ट्रिप परवडतेय, बाईक परवडत नाहीये

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. वाचकाचं वय ३४, श्टुटगार्टजवळ राहतात, हातात ३,४०० युरो येतात, बायको पार्टटाइम करते तिचे १,४५०, मुलगी तीन वर्षांची. टागेसगेल्डमध्ये (कधीही काढता येणाऱ्या बचत खात्यात) १४,००० आहेत, ईटीएफमध्ये (शेअर बाजारातल्या फंडात) १९,०००. पाच मित्र जुलैमध्ये १६ दिवस बाईकवर निघणार, श्टुटगार्टहून टायरॉल, स्टेल्व्हिओ, डोलोमाइट्स, स्लोव्हेनिया, खाली स्प्लिट, तिथून फेरीने अँकोना, टस्कनी, नीस, आणि नीसहून रूट दे ग्रांद आल्प्स या फ्रान्समधल्या घाटरस्त्याने वर चढत घरी. बाकी चौघांकडे बाईक आहे, यांच्याकडे नाही. डीलरने १७,५०० ची नवीकोरी अ‍ॅडव्हेंचर बाईक महिना २८९ वर देऊ केलीय. यांचं म्हणणं, ट्रिपला २,४०० लागतील ते ईटीएफ विकून काढतो, बाईक हप्त्यावर घेतो, "म्हणजे तसं काही जड नाही ना?"

ट्रिप जड नाही. बाईक जड आहे. तुम्ही दोन वेगळे निर्णय एकाच गाठीत बांधलेत आणि त्यामुळे ट्रिपच्या उत्साहात बाईक फुकटात आत शिरतेय.

डीलरचा कागद तुम्ही पाठवलात ते बरं केलंत. २८९ गुणिले ४८ म्हणजे १३,८७२, आणि खाली बारीक अक्षरात जी श्लुसराटे, म्हणजे शेवटचा मोठा हप्ता, आहे ती ६,५००. एकूण २०,३७२. म्हणजे जवळजवळ २,९०० युरो नुसतं व्याज, तुमच्या हिशेबाने आख्ख्या ट्रिपपेक्षा जास्त. आणि चार वर्षांनी ते ६,५०० एकरकमी कुठून येणार हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही, बहुतेक लोक तेव्हा परत त्यावर कर्ज काढतात किंवा डीलरकडेच बाईक टाकून पुढची घेतात, डीलरला तेच हवं असतं. शिवाय फायनान्सवर घेतली की साधारणपणे फोल्कास्को, म्हणजे स्वतःच्या बाईकचंही नुकसान भरून देणारा पूर्ण इन्शुरन्स, घ्यावाच लागतो, तो महिन्याला ६० धरा.

अजून एक गंमत, पैशाची नाही पण शेवटी पैशावरच येते. नवीन बाईकची पहिली सर्व्हिस बहुतेक कंपन्यांची १,००० किलोमीटरला असते. जूनच्या शेवटी बाईक हातात आली तर तुमचे १,००० किलोमीटर बरोबर स्लोव्हेनियात कुठेतरी पूर्ण होणार, मग चौघं मित्र खाली सोचा नदीत पाय सोडून बसणार आणि तुम्ही वर्कशॉप शोधत फिरणार.

आता घराचा हिशेब. किंडरगेल्ड (मुलीसाठी सरकारकडून मिळणारे पैसे) धरून घरात साधारण ५,१०० येतात. भाडं, किटा (पाळणाघर), खाणं, सगळं मिळून ३,८५०, आईबाबांना २५०, ईटीएफचा प्लॅन ४००. उरतात ६००. आजचं चित्र छान आहे. पण तुमच्या मेलमध्ये शेवटून दुसऱ्या ओळीत आहे की बायकोचं कॉन्ट्रॅक्ट पुढच्या वर्षीच्या मार्चपर्यंतच आहे आणि वाढेल की नाही माहीत नाही. अहो, ही ओळ सगळ्यात वर हवी होती! तिचा पगार थांबला असं धरा. येणार ३,६५०, ईटीएफ बंद ठेवला तरी जाणार ४,१००, म्हणजे महिन्याला ४५० ची तूट. त्यात बाईकचे २८९ आणि इन्शुरन्स टाका, तूट ८०० ला टेकते. इमर्जन्सीसाठी तीन महिन्यांचे, म्हणजे १२,३००, बाजूला ठेवलेत तर ४५० च्या तुटीत ते दोन वर्षांवर पुरतात आणि ८०० च्या तुटीत सव्वा वर्षात संपतात. तिला काही महिने आर्बाइट्सलोझेनगेल्ड (बेरोजगारी भत्ता) मिळेल, मूल असल्यामुळे हातात येणाऱ्या पगाराच्या ६७ टक्के, त्यामुळे इतकं वाईट लगेच होणार नाही, पण हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून पूर्ण जाणार.

म्हणून बाईक नाही. निदान यावर्षी नाही, आणि नवीन तर नाहीच.

आता ट्रिपचे खरे पैसे. २,४०० हा आकडा कुठून आला मला कळलं नाही, बहुतेक ग्रुपमधल्या कोणीतरी ठोकून दिलाय. तुमचं रेंटलचं कोटेशन १६ दिवसांना १,७५०, त्यात ४,००० किलोमीटर बसतात आणि रूट साडेतीन हजाराच्या आसपास भरतो, म्हणजे वरचे पैसे लागायचे नाहीत. पेट्रोल ३५०. राहायला दोघांत एक खोली केली तरी सरासरी माणशी ६० धरा, १५ रात्रींचे ९००. खाणंपिणं दिवसाला ४०, म्हणजे ६४०, यापेक्षा कमी धरून उगाच स्वतःला फसवू नका, घाटात चार तास बाईक चालवली की माणूस सँडविचवर भागवत नाही. फेरी, टोल आणि व्हिन्येट (हायवेचा पास) मिळून ३००. हे झाले ३,९४०. हेल्मेट तुमच्याकडे आहे पण जॅकेट, पँट, बूट, ग्लोव्हज नाहीत, त्याचे ८००. ग्लोव्हज तर फ्रान्समध्ये कायद्यानेच लागतात, २०१६ पासून, सीई मार्क असलेले, नसले तर दंड ६८ युरो. वर ५०० हाताशी. एकूण ५,२४०.

म्हणजे तुमच्या आकड्याच्या दुपटीहून जास्त. घाबरू नका, तरीही बसतंय. महिन्याला ६०० उरतात, आता जानेवारी आहे, जुलैपर्यंत ३,६०० होतील. टागेसगेल्डमधून इमर्जन्सीचे १२,३०० सोडून १,७०० मोकळे आहेत. झाले ५,३००. बसतं, पण अगदी काठोकाठ. म्हणून माझं ऐकणार असाल तर जुलै सोडा आणि सप्टेंबरच्या मध्यावर निघा. दोन महिने जास्त मिळाले की आणखी १,२०० जमतात आणि टागेसगेल्डला जेमतेम साडेचारशेचाच धक्का लागतो. इटलीत १५ ऑगस्टच्या फेरागोस्तोच्या सुट्टीनंतर गर्दी ओसरायला लागते, बाडेन-व्युर्टेमबेर्गच्या शाळा सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतात, मग खोल्याही स्वस्त होतात. स्टेल्व्हिओचा घाट २,७५७ मीटर, रूट दे ग्रांद आल्प्सवरचा इझराँ २,७६४, दोन्ही तेव्हा साधारणपणे उघडे असतात, फक्त एखाद्या दिवशी वर बर्फ पडू शकतो म्हणून एक दिवस मोकळा ठेवावा लागतो. जुलैचा हट्ट कोणाचा आहे ते बघा, बऱ्याचदा एकाच्याच सुट्टीमुळे पाच जण अडकलेले असतात.

ऑगस्ट मात्र कोणी सुचवला तर सरळ नाही म्हणा. बऱ्याच किटा तेव्हा दोन-तीन आठवडे बंद असतात, मग तुमच्या १६ दिवसांच्या बदल्यात बायकोची रजा जाते, तीही कॉन्ट्रॅक्ट वाढायच्या ऐन वेळी. हा खर्च कोणत्याच एक्सेलमध्ये दिसत नाही. तिला विचारलंत का हेही मेलमध्ये नाही, म्हणून आपलं विचारून ठेवतो.

ईटीएफबद्दल. विकला तर टॅक्स बसेल म्हणून विकू नका, असं तुम्हाला कोणीतरी सांगितलंय, ते तुमच्या बाबतीत खरं नाही. जोडप्याला वर्षाला २,००० युरोपर्यंतच्या नफ्यावर टॅक्स नाही आणि शेअरच्या ईटीएफमध्ये नफ्यातला ३० टक्के भाग तसाच सुटतो. तुमचा १९,००० मधला नफा ५,००० च्या आसपास आहे, २,४०० चे युनिट विकलेत, आधी घेतलेले आधी विकले जातात हे धरूनही टॅक्स शून्यच येणार. माझा नकार टॅक्समुळे नाही. तुम्ही हा ईटीएफ फ्लॅटच्या डाउनपेमेंटसाठी चालू केलाय असं तुम्हीच लिहिलंय, आणि एकदा मजेसाठी त्या डब्यात हात घातला की पुढच्या वर्षी परत घालतो, हे मी लोकांचं इतकं बघितलंय की आता वाद घालत नाही. तुमच्या केसमध्ये गरजच नाहीये तर कशाला उघडायचा.

सेकंडहँडचं काय, असं विचाराल. साधारण ७०० सीसीची आठ-दहा वर्षं जुनी बाईक ५-६ हजारात मिळते, टॅक्स तर नगण्य, प्रत्येक २५ सीसीला १.८४ युरो म्हणजे वर्षाला ५१.५२, आणि एप्रिल ते ऑक्टोबरची सीझनची नंबरप्लेट घेतली तर ३० च्या आसपास. दर वीकेंडला श्वार्झवाल्डच्या (ब्लॅक फॉरेस्टच्या) डोंगरात जाणारा माणूस असता तर मी डोळे झाकून हेच सांगितलं असतं. पण तुम्ही क्लास ए, म्हणजे मोठ्या बाईकचं लायसन्स, दोन वर्षांपूर्वी काढलात आणि तेव्हापासून एकदाही बसलेला नाहीत. भारतात दहा वर्षं बुलेट चालवली ते ठीक, पण सामान लादलेली सव्वादोनशे किलोची बाईक घेऊन स्टेल्व्हिओचे ४८ हेअरपिन, समोरून कॅम्पर येतोय, मागून सायकलवाले, हे प्रकरण निराळं आहे. एप्रिल-मेमध्ये एक दिवसाचं ट्रेनिंग करा, एक वीकेंड तीच बाईक भाड्याने घेऊन बघा. मजा आली आणि ट्रिपनंतरही खाज राहिली तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सेकंडहँड शोधा, थंडीत भाव पडलेले असतात आणि मार्चमध्ये ऊन पडलं की सगळ्यांना एकदम बाईक आठवते.

रेंटलच्या कागदात दोन गोष्टी बघा. एक, झेल्ब्स्टबेटायलिगुंग तुमच्याकडे १,५०० आहे, म्हणजे बाईक आडवी पडली तर तिथपर्यंतचं तुमच्या खिशातून, आणि बाईक उभ्या उभ्यासुद्धा आडव्या पडतात, पार्किंगमध्ये, उतारावर, सगळे बघत असताना. त्याच्यासाठी इमर्जन्सीचे पैसे आहेतच, त्यामुळे हरकत नाही. दुसरं, डिपॉझिट ते क्रेडिट कार्डवर ब्लॉक करतात, नुसतं गिरोकार्ड (बँकेचं साधं डेबिट कार्ड) घेऊन गेलात तर किल्ली मिळायची नाही, आणि कार्डाचं लिमिट दोन हजार असेल तर डिपॉझिटनंतर ट्रिपसाठी त्यात काही उरतच नाही.

इन्शुरन्सचं थोडक्यात. क्रांकेनकासेच्या (सरकारी आरोग्य विम्याच्या) कार्डामागे युरोपचं कार्ड आहे, त्यावर सरकारी व्यवस्थेतले उपचार होतात, पण पाय मोडून फ्रान्समध्ये पडलात तर घरी आणायचा खर्च क्रांकेनकासे देत नाही. त्यासाठी वर्षाची परदेश प्रवासाची वेगळी पॉलिसी लागते, माणशी १०-२० युरोत मिळते, आजच घ्या. आणि रिझिकोलेबेन (टर्म लाइफ इन्शुरन्स) तुमच्याकडे नाही हे मला बाईकपेक्षा जास्त खुपतंय. तीन वर्षांची मुलगी, बायकोचं कॉन्ट्रॅक्ट कच्चं, ते ट्रिपच्या आधी व्हायला हवं. फॉर्मवर बऱ्याच कंपन्या मोटरसायकल चालवता का असं विचारतात, तिथे खरं लिहा, हप्ता थोडा वाढला तरी चालेल. खोटं लिहून पॉलिसी घेण्यापेक्षा न घेतलेली बरी.

आता ग्रुप. पैशाची भांडणं बँकेत होत नाहीत, ग्रुपमध्ये होतात. आम्ही चौघं काही वर्षांपूर्वी डोलोमाइट्सला गेलो होतो, एकाचा क्लच गेला, पार्ट यायला दोन दिवस, सगळे थांबलो. त्या दोन रात्रींचं हॉटेल कोणी द्यायचं यावर जी चर्चा सुरू झाली ती ऑस्ट्रियाची बॉर्डर आली तरी चालूच होती. रक्कम किती, तर ३४० युरो. क्लचवाला म्हणाला मी थांबा म्हटलंच नव्हतं, दुसरा म्हणाला मग काय तुला रस्त्यावर सोडून जायचं होतं का. त्यातले दोघं आजही एकमेकांशी कामापुरतंच बोलतात. म्हणून आधीच लिहून ठेवा: बाईक बंद पडली तर किती दिवस थांबायचं, त्याचा खर्च कसा वाटायचा, आणि शेवटच्या महिन्यात एखादा गळला तर त्याच्या वाट्याच्या खोलीचे पैसे कोणाचे. पेट्रोल आणि जेवण ज्याचं त्याचं, खोल्या आणि फेरी कॉमन, असं केलं की रोज रात्री अ‍ॅप उघडून वाद घालावे लागत नाहीत.

तुमच्यातला एक जण रात्रीला १५० ची हॉटेलं बघतोय असं लिहिलंय. त्याचा पगार तुमच्या दुप्पट आहे, त्याला ते ठीकच आहे. पण ग्रुपचं बजेट सगळ्यात कमी मोकळे पैसे असणाऱ्याच्या आकड्यावर ठरतं, आणि या ग्रुपमध्ये तो तुम्ही आहात. हे एकदा तोंडाने बोला, ग्रुपवर टाइप करू नका, फोन करा. मित्र असेल तर ऐकेल, आणि नाहीच ऐकलं तर त्याने वेगळं हॉटेल घ्यावं, संध्याकाळी जेवायला भेटू.

दोन गोष्टी तुमच्या नाहीत पण तुमच्या खिशावर येऊ शकतात. चौघांतला एक मित्र १२५ सीसी घेऊन बी १९६ वर, म्हणजे कारच्या लायसन्सवर १२५ सीसी चालवायची मुभा देणाऱ्या शेऱ्यावर, येणार आहे. तो शेरा फक्त जर्मनीत चालतो, ऑस्ट्रियाच्या हद्दीत शिरला की लायसन्सच नाही असं धरतात आणि मग इन्शुरन्सचाही घोळ. त्याला आत्ताच सांगा. आणि ज्याने सायलेन्सर बदललाय त्याने कागदपत्रांवरचा उभ्या बाईकच्या आवाजाचा आकडा बघावा, टायरॉलमध्ये रॉयटेच्या भागात, लेखटाल, हानटेनयोख वगैरे रस्त्यांवर सीझनमध्ये ९५ डेसिबलच्या वरच्या बाईकना बंदी आहे. तुमचा पहिलाच दिवस तिकडून जातोय.

रेंटलचं बुकिंग लगेच करू नका, आधी तारखेचं ग्रुपमध्ये ठरवा. आणि सही करण्याआधी करारात कुठल्या देशांत बाईक न्यायची परवानगी आहे ती यादी वाचा, क्रोएशिया युरो आणि शेंगेनमध्ये २०२३ पासून आहे तरी काही रेंटलवाले तिकडे गाडी न्यायला वेगळे पैसे लावतात किंवा नाहीच म्हणतात, आणि तसं निघालं तर स्प्लिट आणि फेरी दोन्ही गेलं, मग स्लोव्हेनियाहूनच इटलीत वळावं लागेल.