प्लेट निघण्याआधी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माहितीपुस्तिकेतला बारीक काळा मजकूर पडद्यावर स्वच्छ दिसतो. छापून आल्यावर मात्र अक्षरांना लालसर-निळसर कडा येतात. हे आधी कसं ओळखायचं?

उत्तर : तुमचा काळा चार शायांचा झालाय. वर्डमधून आणलेल्या मजकुराबरोबर इनडिझाइनमध्ये (पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये) बहुतेकदा आरजीबी, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांतल्या, काळ्याचा स्वॉच (साठवलेला रंग) येतो. सीएमवायके (छपाईच्या निळसर, गुलाबी, पिवळ्या, काळ्या शाया) होताना तो चारही प्लेटांवर, म्हणजे दर शाईच्या वेगळ्या छपाई-पत्र्यावर, वाटला जातो. रजिस्टर (चारही शायांचं एकमेकींवर नेमकं बसणं) केसभर हललं तरी आठ पॉइंटाचं अक्षर फाटतं.

विंडो मेनूतल्या आऊटपुटमधून सेपरेशन्स प्रिव्ह्यू उघडा, व्ह्यूमध्ये ‘सेपरेशन्स’ निवडा आणि काळ्यापुढचा डोळा बंद करा. मजकूर पूर्ण नाहीसा व्हायला हवा. मागे करडी-तपकिरी अक्षरं उरली, तर त्यांवर कर्सर न्या. चार शायांचे ७५, ६८, ६७, ९० अशासारखे टक्के दिसतील (प्रोफाइलनुसार, म्हणजे कागद-छपाईच्या रंगमापांच्या फाइलनुसार, ते बदलतात). तो आरजीबी स्वॉच डिलीट करा आणि त्याच्या जागी मूळचा ‘ब्लॅक’ द्या. फोटोतच असलेली अक्षरं याने सुधारत नाहीत, ती नव्याने टाइप करावी लागतात.

काळा बंद असतानाच रंगीत पट्ट्यांकडेही बघा. अक्षराच्या जागी पांढरा साचा दिसला, तर खालचा रंग कापला गेलाय. तिथे ओव्हरप्रिंट, म्हणजे खालचा रंग न कापता त्यावरच काळा छापणं, हवं. मूळचा ‘ब्लॅक’ १०० टक्के असेल तर ते आपोआप होतं, पण हाताने बनवलेल्या १०० टक्के काळ्या स्वॉचला होत नाही. इथे भलेभले फसतात.

शेवटची तपासणी मात्र छपाईला जाणाऱ्या पीडीएफवरच करा. ॲक्रोबॅट प्रोच्या आऊटपुट प्रिव्ह्यूमध्ये छापखान्याने दिलेलं प्रोफाइल निवडा.

प्रश्न : काम चार रंग अधिक एक स्पॉट (वेगळी तयार शाई) असं आहे, पण सेपरेशन्स प्रिव्ह्यूच्या यादीत सहा शाया दिसतात.

उत्तर : एकच पॅन्टोन (क्रमांकाने ओळखला जाणारा स्पॉट रंग) दोन नावांनी आलाय, एकीकडे ‘सी’ (कोटेड कागद) आणि दुसरीकडे ‘यू’ (अनकोटेड कागद). अशाने प्लेटही दोन निघतील. इंक मॅनेजरमध्ये एकाला दुसऱ्याचं इंक एलियास द्या, म्हणजे दोन्ही एकाच प्लेटवर जातील.

प्रश्न : गडद भागातली शाई वरच्या कागदाच्या पाठीला लागते.

उत्तर : सेपरेशन्स प्रिव्ह्यूच्या व्ह्यूमध्ये ‘इंक लिमिट’ (एका जागी सगळ्या शायांच्या टक्क्यांच्या बेरजेची मर्यादा) निवडा. सुरुवातीची मर्यादा ३०० टक्के असते. वर्तमानपत्री कागदाला ती २४०च्या आसपास ठेवा, नेमका आकडा छापखान्याकडून घ्या. मर्यादेबाहेरचा भाग लाल दिसतो. एखादी चौकट भडक लाल झाली, तर काळ्याऐवजी ‘रजिस्ट्रेशन’ स्वॉच (जुळणीच्या खुणांसाठीचा, प्रत्येक शाई १०० टक्के असलेला) लागलेला नाही ना, ते बघा. चार रंगांच्या कामात त्याची बेरीज थेट ४०० होते.