शेकरूच्या पोटातली साडी

पिल्लू,

काल रात्री तू शेकरू घेऊन आलीस, त्याच्या पोटाची शिवण उसवलेली आणि आतून हिरवी चिंधी डोकावतेय, आणि विचारलंस की आई, ह्याच्या पोटात जुने कपडे का आहेत, आजीकडे नवीन कापूस नव्हता का? मी झोप आता म्हटलं कारण डिशवॉशर लावायचा होता आणि खरं सांगायचं तर ते दोन वाक्यांत सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितेय.

आधी तुझ्या आर्माडिलोचं घे, त्या कवचवाल्या प्राण्याचं. एअरपोर्टवर घेतला तो, हॅटवाला. टेक्सासने त्याला 1995 साली राज्याचा छोटा सस्तन प्राणी ठरवलं, आणि मोठा म्हणून लाँगहॉर्न, ती लांब शिंगांची गुरं. त्याला बहुतेक वेळा एकदम चार पिल्लं होतात, चारही हुबेहूब सारखी, तेव्हा दुकानात रांगेने एकसारखे आर्माडिलो ठेवले होते ते बरोबरच होतं म्हणायचं :) डोक्यावर हॅट, पायात बूट, झालं टेक्सास. छान आहे तो, मला आवडतो. लेबलवर मेड इन चायना आहे ते सोड.

शेकरू हा आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. खार म्हणू नको त्याला, म्हणजे खारच आहे पण शेपटासकट जवळजवळ तुझ्या कमरेपर्यंत येईल एवढी. मी एकदाच बघितलाय, भीमाशंकरला, तिथलं अभयारण्य मुख्यतः त्याच्यासाठीच केलंय 1985 मध्ये. आम्ही देवळातून निघालो होतो आणि वर फांद्या हलल्या, तपकिरी-लालसर काहीतरी एका झाडावरून दुसऱ्यावर गेलं आणि आजोबा म्हणाले बघ बघ, तोवर गेलासुद्धा. जमिनीवर क्वचितच उतरतो तो. घरटी पण एक नाही, बरीच बांधतो.

तर असा शेकरू आजीने भारतातून पाठवला, पण दुकानातला नाही, तिने शिवलाय. पाठ तिच्या विटलेल्या इरकलची आहे, तो चॉकलेटी रंग त्यामुळे. शेपूट म्हणजे आजोबांची माकडटोपी (हसू नकोस, तेही हसतात). डोळे शर्टाच्या बटणांचे, एकाला दोन भोकं आणि एकाला चार, बघ नीट. वास येतो तो डांबरगोळीचा.

आणि पोटात पणजीची नऊवारी. कापूस मिळाला नाही म्हणून नव्हे गं. आपल्याकडे साडी कधी संपतच नाही, आधी लग्नकार्याला, मग घरात रोज, मग मऊ झाली की गोधडी नाहीतर दुपटं, आणि अगदीच विरली की पायपुसणं. जरीची असेल तर बोहारीण यायची, ती साड्या घेऊन स्टीलची भांडी द्यायची, आणि आजी एका पातेल्यासाठी अर्धा तास घासाघीस करायची, मी पायरीवर बसून ऐकायचे. सुती मात्र बोहारणीला द्यायची नाही, ती घरात लागते.

कारण बाळाला पहिल्यांदा नवं कापड गुंडाळत नाहीत. नव्या कापडाला खळ असते, ते टोचतं. जुनं सुती लुगडं किंवा धोतर शंभरदा धुतलेलं, सायीसारखं मऊ. आणि मोठ्या माणसाने वापरलेलं, म्हणजे त्यांचा आशीर्वादही आला असं म्हणतात, मी फार मानते असं नाही पण मला ते आवडतं. तू झालीस तेव्हा आजी आली, तिची बॅग उघडली तर अर्धी दुपट्यांनीच भरलेली, मी चिडले की अगं इथे सगळं मिळतं, लोणचं आणायचंस ना! तिने काही उत्तर दिलं नाही, तुला उचललं आणि हिरव्या दुपट्यात गुंडाळलं. तू गप झालीस. मी पण.

तेच हिरवं लुगडं आहे ते, शेकरूच्या पोटात. उरलेलं.

रविवारी आजीचा फोन आला की विचार पणजी ते कधी नेसायची, मला ती फक्त फोटोतच आठवते. शिवण मी घालते, धावदोरा, तुलाही शिकवते, हिरवा दोरा नाहीये घरात, आर्माडिलोच्या हॅटच्या रिबिनीसारखा निळा चालेल का सांग. आणि तोवर ते भोक बोटाने उकरू नकोस.

आई

ता.क. पायपुसण्याचं वाचून शेकरूला बाथरूमबाहेर ठेवू नकोस, ओळखते मी तुला.