चांदी काढायच्या आधी पाठीवरची टेस्ट करून घ्या

ताई, तुम्ही लिहिलंय की उजव्या गालात आतून पांढरी जाळी आलीय, तिखट झोंबतं, डेंटिस्ट म्हणतात दातांत भरलेली चारही चांदी काढून टाका आणि लॅबवाला ब्लडचं अ‍ॅलर्जी पॅकेज गळ्यात मारतोय. ते पॅकेज राहू द्या. चांदीतल्या धातूची ही अ‍ॅलर्जी उशिरा उठणारी असते, रक्तातल्या आयजीईत (ब्लडच्या अ‍ॅलर्जी टेस्टमध्ये हेच मोजतात) दिसत नाही, त्याला पॅच टेस्टच लागते आणि ती स्किनवाले करतात.

आधी टॉर्च घेऊन आरशात बघा, चांदी भरलेल्या दाताला जिथे गाल घासतो, जाळी तिथेच आहे का? दोन्ही गालांत सारखी असेल तर लायकेन प्लेनस, म्हणजे अशीच पांढरी जाळी आणणारा वेगळा आजारच असायची शक्यता जास्त, मग चांदी काढून हाती फारसं काही लागत नाही. बायोप्सी सांगितली तर टाळू नका.

माझी डाव्या खालच्या दाढेशी होती, एवढीशी, पण पोह्यांवर जीरावन (आमच्या इंदूरचा मसाला) पडलं की डोळ्यांतून पाणी. पाठीवर छोट्या चकत्या चिकटवतात, पारा, निकेल, कोबाल्ट, अ‍ॅक्रिलेट असं एकेक, ४८ तासांनी काढतात, मग परत एकदोनदा बघतात. पाठ भिजवायची नाही, घाम नको, म्हणून इंदूरच्या मे महिन्यात करू नका आणि रंगपंचमीच्या आठवड्यात तर नाहीच, राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक बघायला गेलात की चकत्या पाण्यात! स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा, रिझल्ट दबतो.

माझं निकेल जोरात आलं, आणि मी लगेच म्हटलं काढा सगळं, तर डॉक्टर हसून म्हणाल्या हे तुमच्या सराफ्यातल्या खोट्या कानातल्यांचं, कान चिघळायचे ना? चिघळायचेच. पारा चौथ्या दिवशी जेमतेम गुलाबी होता, सातव्या दिवशी बारीक पुरळ. धातूंचं असं उशिरा येतं, म्हणून सातव्या दिवशीचं बघणं चुकवू नका, भले पुन्हा चक्कर पडो. आपण चांदी म्हणतो पण त्यात जवळजवळ अर्धा पाराच असतो.

तर मी तेवढी एकच दाढ बदलून घेतली, बाकी दोन चांदी अजून आहेत, गप्प बसल्यात. आणि हो, बदलून जे भरणार त्याचीही टेस्ट आधीच करा, दाताच्या रंगाच्या कंपोझिटमध्ये अ‍ॅक्रिलेट असतं, त्याचीच अ‍ॅलर्जी निघाली तर आगीतून फुफाट्यात. जाळी जायला मला तीनेक महिने लागले, पहिल्या महिन्यात तर वाटलं पैसे पाण्यात गेले. दालचिनीची टूथपेस्ट असेल तर ती मात्र आजच बंद करून बघा, आणि दर आठवड्याला त्याच उजेडात गालाचा फोटो काढून ठेवा, डॉक्टरांना तोच जास्त कामी येतो.